फांदी नसलेलं झाड

1563 साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ओर्ता, पेशाने वैद्य. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरच्या संवादांचं हे पुस्तक वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात मानाचं समजलं जातं. मुंबईकराला मात्र ओर्ताची ओळख आणखी एका नात्याने हवी. 1554 च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबईचं बेट त्याला खंडाने लावून दिलं होतं. तो एका अर्थी मुंबईचा खोत होता, आणि आपल्या वाडीत काय पिकतं ते खोताला बरोबर ठाऊक असतं. ओर्ताने नारळावर एक सबंध प्रकरण लिहिलं. माडाचा रस ती सुरा आणि ती गाळून होते ती उर्राक, हे त्यात आहेच. पण कडक, पहिल्या धारेची, जिच्यात भिजवलेली चिंधी पेट घेते अशी जी दारू, तिला इथले लोक ‘फुला’ म्हणतात आणि त्याचा अर्थ फूल, हेही त्याने लिहून ठेवलं. पुढे इंग्रजांच्या तोंडी याच फुलाचं ‘फूल्स रॅक’, म्हणजे मूर्खांची दारू झालं, असं जुने कोशकार सांगतात. गाळणाऱ्यांचं फूल पिणाऱ्यांच्या भाषेत असं मूर्ख ठरलं.

ओर्ताचं फूल चुलीवर तयार होत होतं, पण त्याचा रस असायचा पन्नास-साठ फुटांवर, माडाच्या शेंड्याला. तिथे दिवसातून दोनदा चढून जाणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. ती लोअर परळच्या आसपास घडली. आज तिथे माडापेक्षा कितीतरी उंच इमारती आहेत आणि त्यांच्यावरही माणसं दोरानेच लोंबकळतात.

खाजण आणि वाड्या

परळ हे नाव झाडाचंच. पाडळ किंवा परळ नावाच्या फुलझाडावरून ते आलं, अशी व्युत्पत्ती मुंबईच्या गॅझेटियरमध्ये दिली आहे. लोअर परळ हे नाव मागाहूनचं, आणि त्यातला ‘लोअर’ अक्षरशः खरा आहे. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं आणि परळच्या पायथ्याचा हा सखल पट्टा खाजण होऊन पडायचा. 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, समुद्र बाहेर राहिला आणि जमीन हळूहळू सुकली. इंग्रज तिला ‘फ्लॅट्स’ म्हणत. तेव्हा लोअर परळच्या ऐन जमिनीवर माडांचं बन होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. माड होते ते भोवतालच्या उंचवट्यांवर: परळला, नायगावला, वरळीला, गिरगावात, आणि सर्वांत दाट माहीमला. माहीमपासून दादरपर्यंतच्या या बनाला इंग्रजी कागदपत्रांत ‘माहीम वूड्स’ असं नावच पडलं होतं.

या बनाच्या खुणा आता फक्त नावांत उरल्या आहेत. गिरगावातल्या फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी या आधी खरोखरच्या वाड्या, मग चाळींच्या गल्ल्या झाल्या. मुगभाट आणि बोरभाट यांतला ‘भाट’ म्हणजे बागायत. गोव्यात हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे. माझगावला ताडवाडी आणि भंडारवाडा. दादरला आगर बाजार. आगर म्हणजे कोकणात माडा-पोफळीची बाग, आणि मिठाचंही आगरच. ताडदेवच्या नावात तर ताड उघडच दिसतो. पोर्तुगीजांनी बागेला ‘ओर्ता’ म्हटलं, त्याचं मुंबईच्या इंग्रजीत ‘ओर्ट’ झालं. ताडाला ते रानटी माड या अर्थाने ‘ब्रावा’ म्हणत, त्याचं इंग्रजांनी ‘ब्रॅब’ केलं. हे दोन्ही शब्द मुंबईच्या जमिनीच्या दस्तांत वर्षानुवर्षं वावरले. झाड आणि त्याचा सारा यांच्यासाठी साहेबाला शब्द लागले, ते त्याने जमवले. झाडावर चढण्याच्या कामासाठी त्याला शब्द लागला नाही, कारण ते काम त्याला करायचंच नव्हतं.

दोर आधी की माणूस आधी

उंच झाडावर चढायचं तर दोर वर कसा न्यायचा, हा जगभरचा जुना प्रश्न आहे. फांद्यांच्या झाडासाठी त्याचं उत्तर साधं आहे: माणूस खाली राहतो आणि दोर आधी वर जातो. झाडांची निगा राखणारे आजचे कारागीर शिशाच्या छऱ्यांनी भरलेली, पाव ते अर्ध्या किलोची छोटी पिशवी बारीक दोरीच्या टोकाला बांधतात. ती दोन पायांमधून झुलवून हव्या त्या फांदीवरून पलीकडे भिरकावतात. पिशवी वजनाने खाली येते. मग त्या बारीक दोरीला चढण्याचा जाड दोर बांधून ओढून घ्यायचा आणि फांदीवर भार टाकून पाहायचा, की झाली वाट. हाताची फेक पुरत नसेल तिथे उंच दांड्यावर बसवलेली मोठी गलोल वापरतात. काही जण बाणाला मासेमारीची तात बांधून तो सोडतात.

या युक्तीने विज्ञानाचंही एक दार उघडलं. भारतातून अमेरिकेत गेलेल्या एका नाडकर्णी घराण्यात जन्मलेल्या नलिनी नाडकर्णी या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या आणि कोस्टा रिकातल्या जंगलांत गलोल आणि मासेमारीचं रीळ यांच्या मदतीने झाडांच्या माथ्यावर दोर चढवले. मोठ्या फांद्यांवर साचलेल्या मातीत त्याच झाडाने वरच्या वर मुळं सोडलेली त्यांना दिसली. 1981 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ती नोंदवली. जमिनीवर उभं राहून मान वर करणाऱ्याला ही मुळं कधीच दिसली नसती.

माडापुढे मात्र ही सगळी विद्या हात टेकते. माडाला फांदीच नाही. चाळीस-पन्नास फूट सरळ खोड, आणि वर झावळ्यांचा एकच झुबका. पिशवी फेकली तरी ती अडकणार कशात? झावळीत अडकली तर झावळी माणसाच्या वजनाने निसटून येणार. म्हणून माडावर दोर आधी वर जात नाही. तो माणसाच्या कमरेला, पायाला, खांद्याला लागूनच वर जातो. माडाच्या चढाईची सगळी अवजारं या एका अडचणीतून जन्माला आली.

पहिलं अवजार म्हणजे काथ्याचा वळसा. सुंभाचं वेटोळं दोन्ही पावलांत अडकवायचं, तळवे खोडाच्या दोन अंगांना घट्ट टेकवायचे. वजन खाली आलं की पाय फाकू पाहतात, वळसा त्यांना फाकू देत नाही, आणि त्या ताणानेच तळवे खोडाला आवळून बसतात. हातांनी खोडाला कवळ घालायची, पाय वर ओढायचे, पुन्हा हात. लांबून पाहणाऱ्याला बेडूक चढतो आहे असं वाटतं. नारळ पाडणारे पाडेली असेच चढतात. त्यांना एका माडावर काही आठवड्यांतून एकदाच जायचं असतं.

दुसरा उपाय म्हणजे खाचा. खोडात पाऊल रुतेल एवढी खाच मारायची, दीड-दोन फुटांवर दुसऱ्या बाजूला पुढची, अशी शेंड्यापर्यंत. ही माडी काढणाऱ्याची रीत, कारण त्याला रोज चढायचं असतं. या रीतीमागे झाडाचा स्वभाव आहे. आंब्या-फणसाच्या खोडाला जखम झाली तर कडेची साल वाढत येते आणि ती हळूहळू झाकते. माड एकदल, नात्याने गवताचा आणि बांबूचा. त्याच्या खोडात जखम भरून काढणारा थरच नसतो. खाच एकदा पडली की माड उभा असेपर्यंत ती तशीच राहते. कारागिराच्या दृष्टीने ही कायमची शिडी. मालकाच्या दृष्टीने कायमचं भोक, ज्यातून पाणी मुरतं, कूज शिरते आणि भुंग्याला आयतं घर मिळतं. म्हणून फळाचा माड शक्यतो खाचांविना ठेवायचा आणि माडीचा माड खाचांचा, अशी वाटणी होत गेली.

ताडाची तऱ्हा वेगळी. त्याचं खोड बुंध्याशी जाड आणि अंगाने खरखरीत. तिथे कमरेभोवतून आणि खोडाभोवतून फिरणारा दोर लागतो. चढणारा मागे रेलतो तेव्हा त्याचंच वजन दोराला खोडावर घट्ट धरतं. पाय वर घ्यायचे, क्षणभर पुढे झुकून दोर ढिला करायचा, वर सरकवायचा आणि पुन्हा रेलायचं. सगळी कला त्या क्षणभराच्या ढिलेपणात असते. उत्तर कोकणात ताडाला उभा बांबू बांधून ठेवण्याचीही रीत आहे. पेरांवरच्या फांद्यांचे खुंट राखले की त्याच पायऱ्या होतात.

कमरेला मागच्या बाजूला आकडी, तिच्यात कोयता किंवा पात्याची धारदार सुरी, आणि रस उतरवून आणायला भोपळ्याचं भांडं. वर पोचल्यावर झावळ्यांच्या बेचक्यात बसून खरं काम सुरू होतं. न उमललेली पोय बांधून घ्यायची, लाकडाने किंवा हाडाने काही दिवस हलक्या हाताने ठोकायची, टोक छाटायचं आणि खाली मडकं अडकवायचं. मग सकाळ-संध्याकाळ छाटल्या जागी कागदासारखा पातळ काप घ्यायचा. एक वेळ चुकली तर तोंड सुकतं आणि रस आटतो. माडाला एकादशी नाही आणि शिमगाही नाही.

समजा, एकाकडे वीस माड आहेत आणि प्रत्येक 15 मीटर उंच. दिवसातून दोनदा चढायचं म्हणजे 600 मीटरची चढाई झाली, आणि उतरणं वेगळं. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून 1646 मीटर आहे. म्हणजे दर तीन दिवसांनी समुद्राच्या काठावरून एक कळसूबाई, तेही पावसाळ्यातल्या निसरड्या खोडावरून. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ही मेहनत वाचवायला शेंड्याशेंड्यांमध्ये काथ्याचे दोर बांधतात. एक पायाखाली आणि एक हातात धरायला, अशा दोरांवरून कारागीर एका माडावरून दुसऱ्यावर चालत जातो. तिथेसुद्धा पहिल्या माडावर त्याला चढूनच जावं लागतं.

मोजणी झाडांची

हे काम मुंबईत आणि कोकणात मुख्यतः भंडारी समाजाकडे होतं. नावाची एक व्युत्पत्ती मद्य गाळणारा या अर्थाच्या संस्कृत शब्दाकडे नेते, दुसरी भांडाराकडे, म्हणजे खजिन्याच्या राखणीकडे. समाजात दुसरी अधिक आवडीने सांगितली जाते, आणि इतिहासात तिलाही आधार सापडतो. भंडारी हा नुसता माडावर चढणारा नव्हता. तो शेतकरी होता, दर्यावर्दी होता, शिपाई होता. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने 1669 च्या सुमारास बेटाच्या बंदोबस्तासाठी सुमारे 500 भंडाऱ्यांची फौज उभी केली. तिचे तळ माहीम, शिवडी आणि शीव इथे होते. आजच्या मुंबई पोलिसांचा इतिहास या फौजेपासून सुरू होतो. दहा वर्षांनी, 1679 मध्ये, मुंबईच्या तोंडाशी असलेलं खांदेरी बेट शिवाजी महाराजांनी ताब्यात घेतलं. तिथे किल्ल्याचं बांधकाम करताना इंग्रजांशी झुंजणाऱ्या आरमाराचा सरदार होता मायनाक भंडारी. एकाच समाजाची माणसं बंदराच्या आत कंपनीचा पहारा करत होती आणि बंदराबाहेर कंपनीची गलबतं अडवत होती. लहानपणापासून माडावर चढणाऱ्याला डोलकाठी काही परकी वाटत नसणार.

राज्यकर्त्यांना मात्र यातलं एकच दिसत होतं: झाड. माडी, ताडी आणि दारू यांवरचा कर हे कंपनीच्या मुंबईतल्या वसुलीचं जुनं साधन होतं. वसुलीचा मक्ता लिलावाने दिला जाई, मक्तेदार भरपाई करून घेई आणि अखेर ओझं कोयत्यावर येई. 1878 साली मुंबई सरकारने अबकारी कायदा केला, तेव्हा हा व्यवहार कागदावर घट्ट बसला. आता रस काढायचा तर दर झाडामागे कर आणि परवाना. ज्या झाडाचा परवाना त्याच झाडाला सुरी लावायची. विक्री करायची तर तिची वेगळी परवानगी. काही ठिकाणी तर झाडाच्या बुंध्याशीच विकण्याचा स्वतंत्र परवाना होता. पूर्वी भंडारी आपल्या माडांचा रस काढी, त्यातला काही गाळी, काही विकी आणि काही घरी ठेवी. या साखळीचा एकेक दुवा सरकारने आणि ठेकेदाराने उचलून नेला. भंडाऱ्याच्या हाती राहिली फक्त चढाई.

कर झाडावर होता, त्यामुळे झाडं मोजली गेली, त्यांची नोंद झाली, त्यांच्यावर खुणा पडल्या. वर जाणाऱ्या माणसाची नोंद कुठल्या वहीत झाली तर ती थकबाकीदार म्हणून किंवा आरोपी म्हणून. माडावरून पडणाऱ्यांची वही सरकारने ठेवली नाही.

ताडदेवचं धुराडं

1854 मध्ये कावसजी दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली आणि 1856 मध्ये तिची गिरणी सुरू झाली. मुंबईची ही पहिली कापड गिरणी ताडदेवला उभी राहिली. ताडाच्या नावाच्या गावात आता ताडाहून उंच अशी एक नवी वस्तू आली, धुराडं. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या परळ, लालबाग, वरळीकडे सरकल्या आणि समुद्र हटवून सुकवलेल्या त्या सखल ‘फ्लॅट्स’वर पसरल्या. रेल्वे होती, तलावांचं पाणी होतं, जमीन स्वस्त होती. माडांना जी खाजण कधी मानवली नव्हती, ती गिरण्यांना मानवली. फिनिक्स, कमला, रघुवंशी, मथुरादास, श्रीराम या नावांनी लोअर परळ ओळखलं जाऊ लागलं.

धुराडं आणि माड यांच्यात एक साम्य आहे: दोघांनाही फांदी नाही. धुराड्याच्या तोंडावरून दोर कसा टाकायचा, हा प्रश्न ब्रिटनमधल्या कारागिरांनाही पडला होता. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या काहींनी पतंग उडवला, पतंगाची दोरी धुराड्याच्या तोंडावरून पलीकडे उतरवली आणि तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला. फेकपिशवीचीच ही युक्ती, फक्त वाऱ्याच्या खांद्यावरून.

उंचवट्यांवरची बनंही आता फार काळ टिकणार नव्हती. 1845 साली माहीमचा जमशेटजी पूल झाला आणि बनातून हमरस्ता गेला. 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीतून माणसं बाहेर काढण्यासाठी दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या गेल्या. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत माहीम-दादरच्या वाड्यांचे प्लॉट पडले. माडाचं वर्षभराचं उत्पन्न आणि त्याच्या बुंध्याखालच्या जमिनीचा भाव यांची तुलना कुठलाही मालक करू शकत होता. कोयत्याने न मरणारा माड फूटपट्टीने मेला.

त्याच वेळी गिरण्यांत माणसं भरत होती, आणि त्यांतली सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्यातली होती. त्यांच्यात भंडारीही होते. ज्या भागात पिढ्यानपिढ्या माड चढले गेले, तिथे माडांच्या गावची पोरं आली ती साच्यावर उभी राहायला. दोर आणि कोयता गावी राहिला, म्हाताऱ्या बापाकडे.

समाजानेही वर जाण्याची दुसरी वाट धरली होती. रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजाचे पुढारी. 1909 मध्ये त्यांनी कामगार हितवर्धक सभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाडच्या सत्याग्रहाला आधार मिळाला तो याच ठरावाचा. रत्नागिरीहून आलेले भागोजीशेठ कीर बांधकामाच्या धंद्यात मोठे झाले. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर त्यांनी बांधलं आणि दादरच्या स्मशानभूमीसाठी जागा दिली. बोल्यांच्या नावाचा रस्ता आज दादरच्या आगर बाजारातून जातो.

बंदी

1 ऑगस्ट 1939 रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. डॉ. गिल्डर तेव्हा अबकारी मंत्री होते. काही महिन्यांत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि 1950 मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. बंदीचा हेतू कामगाराचं घर वाचवण्याचा होता, आणि गिरणगावातल्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी हेतूच्याच बाजूने कौल दिला असता. पण विदेशी बाटलीला परवाना होता, चोरट्या भट्टीला रात्र होती. माड मात्र दिवसाढवळ्या उघड्यावर उभा असतो, आणि त्यावरची खाच लपवता येत नाही. कायद्याला सर्वांत सहज सापडला तो माडावर चढणाराच.

सरकारने पर्याय दिला तो नीरेचा. 1934 साली वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा आणि न आंबलेल्या रसाचा पुरस्कार केला होता. मडक्याला आतून चुना लावला की आंबण्याची क्रिया लांबते. रात्रभर साचलेला रस पहाटे उतरवून थंड ठेवला की ती नीरा. मुंबईच्या स्टेशनांबाहेर नीरेच्या टपऱ्या आल्या. तीच चढाई, तीच सुरी, तेच झाड. फक्त चुन्याचा एक हात फिरला की गुन्ह्याचं खादी-ग्रामोद्योगात रूपांतर झालं. साठच्या दशकात बंदी सैल झाली, ताडीची दुकानं पुन्हा उघडली, पण तोवर एक पिढी माडावरून उतरून गेली होती. जो मुलगा दहाव्या-बाराव्या वर्षी चढायला शिकत नाही, तो विसाव्या वर्षी सहसा शिकत नाही.

आजचा दोर

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि गिरणगावचं जे व्हायचं ते झालं. फिनिक्सच्या आवारातलं धुराडं अजून उभं आहे, मॉलची शोभा म्हणून. ना. म. जोशी मार्गाच्या दोन्ही अंगांना काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या काचा पुसणारी माणसं गच्चीवरून दोराने उतरतात. नियमाने त्यांना दोन दोर असायला हवेत, एक कामाचा आणि एक जिवाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधलेले. इमारतीला आतून जिना आहे, म्हणून इथे दोर वरून खाली येतो. माडाच्या पोटात जिना नाही; त्याच्यावर चढणाऱ्याला आजही बहुतेक वेळा एकच दोर असतो, आणि पायातला वळसा सोडला तर काही वेळा तोही नसतो.

मुंबईतले माड संपलेले नाहीत. महापालिकेच्या 2018 च्या गणनेत शहरात सुमारे 29 लाख 75 हजार झाडं भरली. दादर, गिरगाव, परळच्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात चार-दोन माड असतातच. पावसाळ्याआधी त्यांचे नारळ आणि सुकलेल्या झावळ्या उतरवून घ्या, असं पालिका दरवर्षी सांगते. 2017 च्या जुलैत चेंबूरला माड कोसळून रस्त्यावरची एक बाई दगावली, तेव्हापासून सोसायट्याही घाबरून आहेत. पण उतरवणार कोण? यांत्रिक शिडीची गाडी आवारात शिरत नाही, आणि पाडेली मिळत नाही.

चढाईच्या अवजारात मधल्या काळात मोठी सुधारणा झाली, ती केरळात. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंपेरीच्या एका शेतकऱ्याने माडावर चढण्याचं साधं यंत्र बनवलं. खोडाभोवती तारेचे दोन फास, प्रत्येकाला पाय ठेवायची एक पट्टी. एका पायावर भार दिला की तो फास आवळतो, दुसरा मोकळा होतो आणि वर सरकतो. पायातल्या काथ्याच्या वळशाचंच हे तत्त्व, पोलादात उतरवलेलं. खाच लागत नाही, झाड दुखावत नाही, आणि कवळ घालायची ताकद नसलेला माणूसही चढतो. 2011 पासून नारळ विकास मंडळाने या यंत्रावर तरुण-तरुणींना शिकवायला सुरुवात केली आणि हे वर्ग केरळाबाहेरही भरले. बायकाही माडावर चढू लागल्या. याच मंडळाने चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विम्याची योजना काढली.

माडाची नोंद ठेवणाऱ्या वह्या या शहरात साडेचारशे वर्षांच्या आहेत. ओर्ताचा खंड, कंपनीचा मक्ता, अबकारीचा परवाना, दारूबंदीची धाड आणि महापालिकेची वृक्षगणना यांपैकी प्रत्येकाने झाड मोजलं. चढणाऱ्याचा जीव मोजणारी केरा सुरक्षा ही त्या मानाने अगदी कालची गोष्ट.

म्हणून एक विनंती. यंदा पावसाळ्यापूर्वी तुमच्या सोसायटीत माड उतरवायला कुणी आला तर भाव ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: कमरेचा दोर आहे का, आणि विमा आहे का. नसेल तर दोर सोसायटीने आणावा आणि विम्याचा हप्ता देखभालीच्या खर्चात धरावा. लिफ्टच्या दुरुस्तीवर सोसायटी वर्षाकाठी जेवढा खर्च करते, त्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे.